पुस्तकाची चौथी कड

नरसूमामांच्या हातात पुस्तक दिलं की ते आधी त्याचा वास घेतात. नाव वाचत नाहीत, उघडत नाहीत. बाजारात खरबूज नाकाला लावून बघतात तसं पुस्तक नाकाला लावतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "हं. ही जेवताना वाचते. शेंगाचटणी." पोरगी समोरच उभी असते. तिची आई कपाळावर हात मारते, कारण ते खरं असतं.

मामा ज्योतिषी नाहीत. शुक्रवार पेठेतल्या एका बोळात त्यांचं बाइंडिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली. तिच्यात कटिंगचं मशीन, पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र, पुठ्ठ्यांची चळत आणि मैद्याच्या खळीचं पातेलं. खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात, त्यामुळं मामांची बोटं बारा महिने निळसर. घरी तेलुगू, दुकानात मराठी, आणि मशीन अडकलं की दोन्हीतल्या शिव्या.

एरवी त्यांच्याकडं ऑफिसांची रजिस्टरं आणि लायब्ररीची पुस्तकं येतात. पण दहावीचा निकाल लागला की बोळात आईबाप आणि पोरांची रांग लागते. प्रश्न सगळ्यांचा एकच. अकरावीला काय घ्यायचं? सायन्स, कॉमर्स का आर्ट्स?

मामांचा नियमही एकच. दहावीची सगळी पुस्तकं पिशवीत घालून आणायची. कुणी कौतुकानं मार्कशीट पुढं केली तर मामा मान फिरवतात. "आत ठेव ते. मार्क म्हणजे त्या दिवशीचा ताप. आज हाय, उद्या न्हाय. कड बघ की, कड!"

कड म्हणजे पुस्तक मिटल्यावर पानांची दिसते ती बाजू. बोटं लागून लागून ती मळते. तुम्हाआम्हाला तिथं नुसता मळ दिसतो. मामांना त्यात दोन जाती दिसतात, भ्याचा मळ आणि मायेचा मळ. भ्याचा मळ धड्याच्या शेवटी, स्वाध्यायापाशी असतो, काळ्या पट्ट्यांसारखा. पोरगं तेवढंच उघडतं आणि पाठ करून मिटतं. मायेचा मळ मधेच कुठंतरी असतो, परीक्षेत न येणाऱ्या पानांवर. शेवटी मामा पुस्तक पाठीवर उभं करतात आणि हात सोडतात. ते आपोआप जिथं उघडतं, तिथं त्या पोराचा जीव असतो.

मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आज मी पदवीधर आहे, आमच्या घराण्यातली पहिली. कुठल्याही गोष्टीला पुरावा मागायची सवय लागली आहे. तरी सांगते, तो काटा अजून गेलेला नाही.

मामा वास का घेतात, त्यालाही एक कारण आहे. एकदा एक साहेब मुलाला घेऊन आले. विज्ञानाचं पुस्तक कडेनं छान तपकिरी झालेलं. साहेब म्हणाले, "बघा, रात्रंदिवस हेच वाचतो." मामांनी कड बघितली, बोट फिरवलं, नाकाला लावलं.

"साहेब, ही चहापावडर हाय."

मुलगा भिंतीकडं बघून हसू दाबत होता.

"ह्याला सायन्स नको. आणि एवढा एकसारखा रंग दिलाय तुमी, तुमालाच माझ्याकडं कामाला ठेवतो की!"

तेव्हापासून वास आधी.

आता माझी गोष्ट. आम्ही मूळचे सांगोल्याकडचे. आजा मेंढरामागं फिरला. बाबा सातवी शिकले आणि चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनच्या देखभालीवर हेल्पर म्हणून लागले. मी दहावीला चांगले मार्क पाडले आणि बाबांनी त्याच दिवशी कारखान्यात सगळ्यांना सांगून टाकलं, "पोरगी सायन्सला चाललीया."

मला सायन्स नको होतं. मला भूगोल हवा होता. आमच्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील असे दोन देश शेजारी शेजारी ठेवले होते, आणि मी ब्राझीलच्या अशी नादी लागले होते की आमची विहीर आटली की मला तिकडच्या नद्या आठवायच्या. पण बाबांपुढं बोलायची टाप नव्हती. एकदा चाचरत "आर्ट्स" म्हणाले तर म्हणाले, "आर्ट? आपल्या वस्तीवर आर्ट कोण घेतं ठाव हाय का? ज्येला कुटंच घेत न्हाईत त्यो."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. फॉर्म भरायला एकच दिवस उरला होता. तेव्हा बाबाच म्हणाले, "चल त्या बाइंडिंगवाल्याकडं. त्यो सांगल ते मान्य."

एवढी खात्री त्यांना का होती, ते मला दिसत होतं. माझ्या विज्ञान भाग एकची कड काळीकुट्ट झाली होती. भूगोलाची त्यापुढं काहीच नव्हे. ती कशी काळी झाली हे मला कळत नव्हतं. डबा ठेवायला वापरलं असेल कुणीतरी, असं मी धरून चालले होते. मामांकडं जाताना मला वाटत होतं, संपलं. आता दोन वर्षं भौतिकशास्त्राची.

दुकानात बाबांनी विज्ञानाचं पुस्तक आधी काढलं. "बगा मामा, कसलं काळं झालंय!"

मामांनी ते नाकाला लावलं. डोळे मिटले. पुन्हा लावलं. मग पुस्तक खाली ठेवलं आणि काही न विचारता बाबांचा उजवा हात धरून तो नाकाशी नेला.

"ओ, काय करताय?" बाबांनी हात ओढला.

"ग्रीस," मामा म्हणाले. "मालक, कुटपर्यंत वाचलाव?"

मला काही कळेना. बाबा मात्र शाळेत पकडलेल्या पोरासारखे खाली बघायला लागले.

"धातूच्या धड्यापत्तूर," ते म्हणाले. "म्होरं झेपंना."

"कवा वाचलाव?"

"कारखान्याला सुट्टी असंल तवा. ही पुस्तक घरी ठिवून शाळेत गेली म्हंजी." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "ही सायन्सला जाणार. म्हणलं, घरी आल्यावर आज काय शिकलीस म्हणून इचारता तरी यायला पायजे की आपल्याला."

मामांनी पुस्तक पाठीवर उभं केलं, हात सोडला. ते धातूंच्या धड्यावर उघडलं. पानावर अंगठ्याचे काळे ठसे, ओळीखाली एकेक शब्द धरून सरकत गेलेले. दोन दिवस ज्या माणसाशी मी अबोला धरला होता, त्याचे ते ठसे. मी खळीच्या पातेल्याकडं बघत राहिले, कारण दुसरीकडं बघता येईना.

मामांनी मग भूगोल उभा केला. तो ब्राझीलच्या नकाशावर उघडला.

"मालक," मामा म्हणाले, "सायन्स तुमी घ्यायला पायजे हुतं. लई चांगलं केला असता. पोरीला भूगोल द्या."

बाबांनी मान हलवली. "आर्ट घेऊन काय व्हतंय वो? तुमाला सांगायला काय जातंय? तुमी घातली का तुमची पोरगी आर्टला?"

हे बाबा रागात बोलून गेले. मामांनी वाद घातला नाही. ते उठले, फडताळातून एक संच काढला. दहावीचीच पुस्तकं, जुन्या अभ्यासक्रमाची. वर मरून रंगाचं रेक्झिन, आत कडा पांढऱ्याशुभ्र. ब्लेडनं कापल्यासारख्या.

संच माझ्यापुढं ठेवून, तेलुगूत लेकराला हाक मारतात तशी मारून म्हणाले, "बिड्डा, तू सांग. ही कुटलं वाचायची?"

मी पाची पुस्तकं फिरवून बघितली. काहीच कळत नव्हतं. पाठीवर उभी केली तर उघडतही नव्हती, इतकी घट्ट बांधणी.

"माझ्या सुजाताची," मामा म्हणाले. "निकाल लागला त्या दिवशी खुशीत मी सगळी मशीनला घातलो. वर, खाली, म्होरं, तिन्ही कडा कापून टाकलो. म्हणलं, कुणाला द्यायची तर नवी दिसावीत. मग सगळे घालतात म्हणून सायन्सला घातलो. पोरगी दोन वर्षं घरात बोलली न्हाय. बारावीच्या पेपराला बसलीच न्हाय." ते कटिंगच्या मशीनकडं बघत होते. "काय वाचायची ते बघायच्या आधीच मी कापून टाकलो की."

बाबांनी विज्ञानाचं पुस्तक स्वतःच्या काखेत घेतलं आणि बाकीची पिशवी माझ्या हातात दिली. बोळातून बाहेर पडताना म्हणाले, "ब्राझीलला ऊस असतोय का गं?"

"असतो की. लई."

"मग घे भूगोल," बाबा म्हणाले.

आज मी एका सर्वेच्या ऑफिसात कंप्युटरवर नकाशे काढते. माझ्या टेबलावर माझ्या नावाची पाटी आहे, आणि ती मी रोज सकाळी स्वतः पुसते. शिपाई हसतो. हसू दे.

पदवी मिळाली तेव्हा मी पेढे घेऊन मामांकडं गेले होते. त्यांनी पेढा तोंडात टाकला, पदवीच्या कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. "पुस्तक आणलीस का?" मला ठाऊकच होतं, आणलं होतं. शेवटच्या वर्षाचं, कड काळी झालेलं. त्यांनी वास घेतला. "हं. आता बसमधे वाचतीस."

फडताळात तो मरून रंगाचा संच तसाच होता. पाच वर्षं माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती, ती मी बोलून टाकली.

"मामा, मशीन तीनच कडा कापतं. चौथी शिवणीत असते. ती तर शाबूत असंल की. ज्या पानावर सुजाता जास्त रमायची, तिथं आत काहीतरी राहिलं असंल. खडू, कण, काहीतरी."

मामा हसले, पण हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "चाळीस वर्षं हेच काम करलालो बिड्डा. ते मला ठाव न्हाय व्हय?"

"मग उसवून बघा की."

त्यांनी खळीत बोट घालून ढवळलं. गरज नव्हती. "दुसऱ्याच्या पोरांची पुस्तकं बघायला सोपं हाय," ते म्हणाले. "ती आता हैदराबादला. पोरंबाळं हायत. एकदा फोनवर विचारलो, तू काय वाचायचीस गं. म्हणली, आता कशाला, पप्पा."

गावभरच्या पोरांना एका नजरेत ओळखणारा हा माणूस पाच पुस्तकांना भीत होता. मग मला जे ठाऊक होतं तेवढंच मी सांगितलं.

"मामा, त्या दिवशी तुमी माझ्या बाबांचा हात हुंगला नसता, तर ती पानं त्यांनी वाचली होती हे मला कधीच कळलं नसतं. मी जन्मभर म्हणत राहिले असते, बापाला माझी काही पडली नव्हती. त्यांनी सांगितलं नसतंच. तुमीबी सुजाताला सांगत न्हाई."

मामांनी पेढ्यांचा पुडा रिकाम्या रजिस्टरावर नीट ठेवला आणि बाहेर रांगेतल्या पुढच्या मुलीला हाक मारली. "मार्कशीट आत ठेव."

त्यानंतर महिना-दोन महिने गेले. परवा ऑफिसची रजिस्टरं बांधायला टाकायला म्हणून मी दुकानात शिरले. मामा पाठमोरे बसले होते, चष्मा कपाळावर. फडताळातल्या संचात चारच पुस्तकं होती. पाचवं त्यांच्या पुढ्यात होतं. रेक्झिन सोलून काढलेलं, पुठ्ठा बाजूला, शिवणीचा दोरा उसवून टेबलावर वेटोळं होऊन पडलेला. पानं सुट्टी झाली होती, आणि त्यांतलं एक, शिवणीकडच्या कडेला मळलेलं पान मामांनी दोन्ही तळहातांवर धरलं होतं, ओलं असल्यासारखं.

माझी चाहूल लागताच त्यांनी त्यावर घाईनं वर्तमानपत्र ओढलं. मी न बघितल्यासारखं केलं. रजिस्टरं ठेवली, कधी मिळतील विचारलं, आणि वळले.

"बिड्डा," मागून हाक आली.

मी थांबले.

"तुझ्या फोनवरनं तो समोर दिसायचा फोन लागतो ना हैदराबादला?" मामा वर्तमानपत्राची घडी उगाच सरळ करत होते. "माझ्यात नुसतं बोलायचंच हाय. मला तिला एक पान दाखवायचं हाय."