कोलाडची परदेशी दुरुस्ती

“गाडी माझी, पोरगी माझी, आणि निघायचं कधी ते ठरवणार हा!”

मिनीडोअरच्या खालून आलेलं हे पुटपुटणं एकट्या आमनाला ऐकू गेलं. ती गाडीला टेकून मिठाईच्या डब्यांना चकचकीत कागद लावत होती आणि तिच्या नवऱ्याचे, सईदचे, फक्त पाय बाहेर दिसत होते. पायांत नव्या चपला होत्या.

“हळू बोला,” ती वाकून म्हणाली. “खालिदभाई ओट्यावर हायत.”

“असू दे. ओटा पण माझाच हाय.”

ओटा खरं म्हणजे दोघा भावांचा होता. पण गेल्या काही महिन्यांत सईद वाटणी न करताच एकेक वस्तू आपल्या नावावर करू लागला होता.

खालिद त्याचा धाकटा भाऊ. तो गल्फमध्ये विमानं दुरुस्त करायच्या कंपनीत होता. सईद पेण ते जोहे मिनीडोअर, म्हणजे सहा सीटांची तीनचाकी, चालवायचा. सईदच्या दुखण्याचं मूळ एवढंच, पण त्याला फांद्या फार. शिंप्याकडे कुर्ता टाकायला जावं, तर शिंपी मापं घेता घेता विचारणार, “खालिद काय म्हणतो?” गाडीत मागं बसलेली बाई अचानक ओळखणार, “तू विमानवाल्याचा भाऊ काय रे?” आणि मग फाटक्या सीटकडे अशी बघणार, की विमानवाल्याच्या भावाला हे शोभत नाही. सईदनं एकदा खाडीच्या चिखलात रुतलेला गणपतीचा टेम्पो दोर लावून बाहेर काढला होता. तेव्हाही लोक म्हणाले, “शेवटी भाऊ कोणाचा!”

हे सगळं त्यानं गिळलं असतं. पण सुमय्याला, त्याच्या एकुलत्या एक लेकीला, रोह्याचं स्थळ आलं ते “विमानवाल्या खालिदची पुतणी” म्हणून. बाप कोण, हे मधल्या बाईनं सांगितलंच नव्हतं. सुमय्याला मुलगा पसंत होता, मुलाला सुमय्या पसंत होती. आता फक्त रोह्याला जाऊन तारीख पक्की करायची, तीही आजच. मुलाचे अब्बा बोटीवर कामाला. चार दिवसांसाठी घरी आलेले. सईदनं मनाशी ठरवलं होतं, आज आपल्या गाडीतून, नव्या कुर्त्यात, मुलीचा बाप म्हणून उतरायचं. आयुष्यात एक दिवस तरी पहिला सलाम आपल्याला.

आणि सकाळी उठून बघतो तर गाडीच्या आरशाला लाल फडकं बांधलेलं.

“हे काय?” त्यानं ओट्यावर येऊन विचारलं.

“लाल फडकं असलं की गाडी हलवायची नाय,” खालिद चहा फुंकत म्हणाला. “ब्रेक कधी केलास, भाई?”

“गेल्या आठवड्यात. भाडं घेऊन कोलाडला गेलेलो, तिकडंच केला.”

“तपासला कोणी?”

“कान्हू मेकॅनिकनं.”

“केला कोणी?”

“कान्हूनंच.”

“बघ!” खालिद म्हणाला, जणू चोर पकडला. “आमच्याकडं असं नाय चालत. विमान एका देशाचं असतं, दुरुस्ती दुसऱ्या देशात. मग त्या पहिल्या देशाची माणसं समुद्र ओलांडून येतात तपासायला. न सांगता येतात. पाना कोणी फिरवला, त्याला फिरवायचं लायसन हाय काय, फिरवलेलं दुसऱ्यानं बघितलं काय, सगळं विचारतात. दुरुस्ती कुठंही होऊ दे, नियम विमानाच्या घरचा.”

“खालिद, हे विमान नाय. तीन चाकं हायत.”

“बसणारी तर माणसंच ना?”

म्हणून सईद स्वतःच ब्रेक बघायला नव्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरला होता.

खालिदची बायको रिझवाना दारात आली. “मी काय म्हणते, एसी गाडी सांगू या काय?” ती सहज म्हणाली.

सईद गाडीखालून असा बाहेर आला की त्याचं डोकं पत्र्यावर आपटल्याचा आवाज शेजारी ऐकू गेला. “माझ्या पोरीची तारीख ठरवायला मी भाड्याच्या गाडीतून जाऊ?”

आमनानं तोड काढली. भिसे खिंडीतून न जाता हायवेनं कोलाडवरून जायचं. वाटेत कान्हूचं गॅरेज लागतं, तिथं दोन मिनिटं थांबून खालिदभाईंनी खात्री करून घ्यायची. सगळ्यांना हे पटलं, म्हणजे कोणालाच आवडलं नाही. निघताना सुमय्या बापाच्या कानाशी म्हणाली, “अब्बा, तिकडं चाचाशी भांडू नका हां.”

“मी कधी भांडतो?” सईद म्हणाला आणि लाल फडकं ओढून खिशात कोंबलं.

वाटेत खालिद पुढं भावाच्या शेजारी बसला आणि प्रत्येक खड्ड्याला नुसता श्वास आत ओढत गेला. बोलला असता तर परवडलं असतं. मागं दोघी जावा मिठाई सांभाळत होत्या. आमनाला रिझवानाच्या बांगड्यांचा, मिक्सरचा, विमानतळावरच्या अत्तराचा हेवा वाटायचा. पण एकदा रिझवाना तिला म्हणाली होती, “तुझा नवरा रोज घरी येतो गो,” तेव्हापासून आमना मिक्सरबद्दल जरा कमी बोलायची.

कान्हूचं गॅरेज म्हणजे हायवेच्या कडेला एक पत्रा आणि त्याखाली कान्हू. शेजारी त्याच्या बायकोची, धोंडुबाईची, भजी-चहाची टपरी. खालिद उतरला, हात मागं बांधले आणि गॅरेजभर फिरू लागला. तपासणाऱ्यानं कशाला हात लावायचा नसतो, हा त्याचा पहिला नियम.

“हे कोण?” कान्हूनं विचारलं.

“माझा भाऊ. विमानात असतो.”

“मग इकडं काय बघतोय?”

“तुमचे पाने कुठं असतात?” खालिदनं विचारलं.

“असतात की. हे काय, इकडं, तिकडं. एक त्या आंब्याखाली असंल.”

खालिदनं डोळे मिटले. “आमच्याकडं भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती काढलेली असते. संध्याकाळी एक जागा रिकामी दिसली तरी विमान सोडत नाय. पाना आत राहिला असंल तर?”

“शेट, आमच्याकडं आरटीओचा माणूस येतो, तोपण भजी खाऊन जातो.”

पण खालिदनं पाने गोळा करायला लावलेच. आंब्याखालचा सापडला, पाण्याच्या बादलीतला सापडला. चौदा-पंधराचा पाना तेवढा सापडेना. आणि कान्हू, देवमाणूस, डोकं खाजवत म्हणाला, “सईदशेटच्या ब्रेकला तोच वापरलेला. त्यानंतर दिसला नाय खरा.”

खालिदनं हात पुढं केला. “भाई, ते फडकं दे.”

लाल फडकं पुन्हा आरशाला लागलं. चाक खोलल्याशिवाय गाडी हलणार नाही. कान्हू रागानं टपरीवर जाऊन बसला. “माझ्या कामावर भरवसा नाय ना? मग तुमचं तुम्ही खोला.” खालिद खोलणार नव्हता, ज्यानं तपासायचं त्यानं खोलायचं नाही, हा दुसरा नियम. उरला सईद. त्यानं कुर्त्याच्या बाह्या सारल्या, मागचं एक चाक काढलं, मग दुसरं. पाना नव्हता. होतं ते ब्रेक ऑइल, आणि ते उडून कुर्त्यावर छातीपासून पोटापर्यंत पसरलं.

तेवढ्यात रोह्याहून फोन आला. कुठवर आलात?

“आलोच, पोचतोच,” आमना म्हणाली. समोर गाडी विटांच्या दोन थप्प्यांवर उभी होती.

“चौदा-पंधराचा शोधताय व्हय?” हा सगळा तमाशा भजी तळता तळता बघणारी धोंडुबाई आता म्हणाली. “तो मी खुराड्याला लावलाय. कडी तुटली ना.”

“आधी का नाय बोललीस गो?” कान्हू ओरडला.

“मला कोणी विचारलंय?”

खालिदला पाना डोळ्यांनी बघायचा होता. सईदनं तिरमिरीत जाऊन तो खुराड्यातून उपसला आणि दार उघडून धोंडुबाईच्या सगळ्या कोंबड्या हायवेच्या दिशेनं निघाल्या. मग पुढचा बराच वेळ मुलीचा बाप कोंबड्यांमागं धावत होता. शेवटची कोंबडी त्यानं गटाराच्या कडेला झेप घेऊन धरली. तो उठून आला तेव्हा नवा कुर्ता समोरून काळा होता, बाजूनं हिरवा होता आणि एक चप्पल गटारात राहिली होती. खालिदच्या शर्टाची इस्त्री मोडली नव्हती.

“खालिद,” सईद धापा टाकत म्हणाला, “एक सांग. तुला बघवत नाय ना? तू एवढी मोठी विमानं सांभाळतोस. मला एक दिवस माझी सहा सीटांची गाडी घेऊन माझ्या पोरीच्या सासरी जाऊ दे ना रे!”

खालिदनं आरशाचं लाल फडकं सोडलं. आमनानं आभाळाकडे बघितलं. रिझवाना मिठाईच्या डब्याचा कागद विनाकारण नीट करू लागली. सईदला वाटलं, चला, एकदाचं लागलं बरोबर.

कान्हूकडून चाकं लावून घेऊन रोह्याला पोचले तेव्हा मुलाचे अब्बा अंगणातच वाट बघत होते. गाडी थांबताच त्यांनी खालिदला मिठीत घेतलं. “या, या, खालिदसाहेब! तुमच्याबद्दल किती ऐकलंय!” दोन्ही बायकांना मुलाची अम्मी आतल्या खोलीत घेऊन गेली. मग अब्बांची नजर सईदवर पडली. काळा-हिरवा कुर्ता, एक चप्पल.

“अरे, ड्रायव्हरला बाहेरच चहा द्या,” ते मोठ्या मायेनं म्हणाले. “बिचारा दमलेला दिसतोय.”

खालिदनं तोंड उघडलं, पण तोवर त्याला खांद्याला धरून आत नेलं होतं. सईदनं तोंड उघडलंच नाही. कुठल्या तोंडानं सांगणार, की हा मी? चहा आला. तो व्हरांड्यात खिडकीखाली बसून प्यायला. बशीत बिस्किटंही होती, ती तो रागानं खाऊ लागला.

खिडकीतून आतलं स्वच्छ ऐकू येत होतं.

“मग साहेब, सुट्टी किती?” अब्बा विचारत होते.

गल्फहून माणूस आला की पेणात सलामनंतरचा पहिला प्रश्न हाच असतो. सईदचा बिस्किट धरलेला हात थांबला. खालिद रमजानच्या आधी आलेला. दोन्ही ईदा होऊन गेल्या. आता जोह्याच्या कारखान्यांत गणपतींना रंग लागतोय. आणि घरात आजवर हा प्रश्न कोणीच विचारलेला नव्हता. आमनानं नाही, रिझवानानं नाही. खुद्द त्यानंही नाही, कारण आपण विचारलं तर ‘जा एकदाचा’ असं ऐकू जाईल, ही त्याला भीती.

“बघू, हाय अजून,” आतून खालिदचा आवाज आला. हा आवाज पाने मोजणाऱ्या माणसाचा नव्हता.

“मी तर म्हणतो, तुम्ही परत जाताना आमच्या सलमानलाही तुमच्या विमानांच्या हँगरमध्ये चिकटवा. तेवढा शब्द द्या, पुढच्या महिन्यातच लग्न उरकू.”

सईदनं उठून खिडकीतून बघितलं. सलमान, होणारा जावई, दाराशी उभा राहून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होता. गल्फचं नाव निघाल्यापासून त्याचा चेहरा इंजेक्शनच्या रांगेतल्या माणसासारखा झाला होता. आतल्या दाराच्या पडद्याआड रिझवानानं आमनाचा हात घट्ट धरला होता. आणि खालिद गालिच्याकडे असा बघत होता, की तिथं काहीतरी हरवलंय.

सईदच्या डोक्यात उजेड पडला. सकाळपासून हा गाडी थांबवत नव्हता. या प्रश्नाच्या भीतीनं हा रोहा लांबवत होता.

इतकी वर्षं सईदनं वाट बघितली होती, या माणसाचा तोरा कधीतरी चारचौघांत उतरावा. आता समोर पाट मांडून ठेवला होता. तो कप हातात घेऊन सरळ आत शिरला.

“शब्द काय मागताय, शेट!” तो दणदणीत आवाजात म्हणाला. “आमच्या साहेबांनी मान हलवली नाय तर तिकडं विमान जागचं हलत नाय!”

पडद्याआड आमनानं कपाळावर हात मारला. सईदनं तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

“असं?” अब्बा खूश झाले. “भारी इमानी हाय हो तुमचा ड्रायव्हर!”

“एकदा पायलट उतरून साहेबांच्या गळ्यात पडून रडला,” सईद म्हणाला. सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना, आणि गंमत म्हणजे बरंही वाटत होतं. “म्हणाला, तुम्ही नसता तर आम्ही समुद्रात होतो. तिकडचे शेख यांना विचारल्याशिवाय विमान घेत नाय. सुट्टीचं काय विचारता, मालकच म्हणाला, खालिदमियाँ, पाहिजे तेवढी घ्या! सलमानचं काम झालंच समजा. तुम्ही तारीख काढा.”

“भाई, बस,” खालिद म्हणाला.

“साहेब, तुम्ही बोलू नका, तुम्ही कायम कमी सांगता.”

“बस कर, भाई.” खालिद उठला. त्यानं सईदच्या हातातला कप काढून घेतला आणि त्याला खांद्याला धरून आपल्या जागेवर, लोडाला टेकून बसवलं. काळा कुर्ता, एक चप्पल, सगळ्यासकट. मग तो मुलाच्या अब्बांकडे वळला.

“हा ड्रायव्हर नाय, भाईसाहेब. हा सुमय्याचा बाप, माझा थोरला भाऊ. तारीख त्याला विचारा. आमच्या हँगरात ती तपासणीची माणसं आली होती, त्यांना नको ते सापडलं, हँगर बंद झालं. मला सुट्टी नाय. माझी नोकरी गेलीय.”