गुलाबरावांनी काढून टाकलेली माणसं

गुलाबरावांनी मला आतापर्यंत चार वेळा काढून टाकलं आहे. नोकरीतून नव्हे, सौंसरच्या आमच्या व्हॉलीबॉल क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून. पहिल्यांदा, सकाळी फुलांचं चित्र पाठवलं म्हणून. दुसऱ्यांदा, 'आज कोण येणार?' या प्रश्नावर नुसता अंगठा दाखवला म्हणून.

"मास्तर," ते म्हणाले, "अंगठा कोण लावते? ज्याले सही येत नाही तो. तुम्ही तर पोरं शिकवून राहिले."

गुलाबराव सिंचन खात्यातून बाबू म्हणून निवृत्त झाले. गुडघ्यांमुळे त्यांचा खेळ सुटला, क्लब मात्र सुटला नाही. आम्ही तीसेक जण. कोणाची संत्र्याची बाग, कोणी कापसाच्या जिनिंगवर कामाला, दोघे-तिघे रोज पांढुर्ण्याला अपडाउन करणारे. पूर्वी खेळ होणार की नाही ते मैदानावर गेल्यावरच कळायचं. चारच जण जमले तर जाळी न बांधता परत. गुलाबरावांनी ग्रुप काढला आणि दुपारी बरोबर तीनला हजेरी मागायला सुरुवात केली. उत्तरं दोनच, 'येतो' किंवा 'येत नाही'. कोणी 'बघतो' लिहिलं की ते लिहीत, 'काय पाहून राहिला? ये, नाहीतर येऊ नको.' आणि काढून टाकत. पण रोज बारा जण जमू लागले, हेही खरं.

परत यायचं तर फोन घेऊन त्यांच्या घरी जावं लागे. फोनवरून केलेली विनंती चालत नसे. "समक्ष ऐकल्याशिवाय प्रकरण निकाली निघत नाही," असं ते म्हणत. माणसाला खुर्चीत बसवायचं, चष्मा पुसायचा, त्याचाच मेसेज त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचा. मग चहा ठेवायचा आणि चौकशी सुरू. बहीण कुठे दिली, बागेला बहार कसा आहे, वडिलांची शुगर किती. तासाभरानं म्हणायचे, "बरं, घेतो. पण ध्यान ठेवा." मोहगावचा विजू एकदा केकचं चित्र टाकल्याबद्दल मोटरसायकलवर हजर झाला होता. वाढदिवस गुलाबरावांचाच होता.

मागच्या हिवाळ्यात त्यांचं नागपूरला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस मोबाइल बंद सांगितला. जाताना त्यांनी मला अॅडमिन केलं. "चार्ज देऊन राहिलो, मालकी नाही," असं बजावूनही गेले. ते परत आले तेव्हा मैदानावर सगळ्यांनी ठरवलं की मास्तरांनाही अॅडमिन राहू द्यावं.

"ठीक आहे," गुलाबराव म्हणाले. "बहुमत आहे."

मोठीच सोय झाली. ते सकाळी माणूस काढत, मी मधल्या सुट्टीत परत घेत असे. कोणाला त्यांच्या दारी जायचं कारण उरलं नाही. महिनाभर असं चाललं. त्यांचं काढणं वाढत गेलं. एका रविवारी त्यांनी नऊ जण काढले, त्यात नियमानं 'येतो' लिहिणारेही होते. मी दाढी करता करता नऊही परत घेतले.

मंगळवारी ग्रुपवर एक ओळ दिसली. गुलाबराव ग्रुपमधून बाहेर पडले.

तीनला कोणी हजेरी मागितली नाही. संध्याकाळी मैदानावर पाच जण आले. त्यांना तिथेच थांबवून मी गुलाबरावांच्या घरी गेलो.

दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या.

"या मास्तर. तुमचं काय प्रकरण?"

"काका, तुम्ही ग्रुप सोडला."

"व्हय. तुम्ही बराबर चालवून राहिले."

"लोक नाराज होत होते, म्हणून मी परत घेत होतो."

"नाराज होत होते," ते म्हणाले. "पण येत होते."

ते उठून आत गेले. मीही मागोमाग गेलो. गॅसवर चहाचं पातेलं होतं, जवळजवळ काठोकाठ भरलेलं. घरात आम्ही दोघंच. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली. ग्रुप निघाला तो त्याच्या पुढच्याच महिन्यात, हे मला तिथे उभं राहिल्यावर लक्षात आलं.

"ही गेली तवा मले चहाबी येत नव्हता," ते चहा ढवळत म्हणाले. "तुमच्यावरच शिकलो. पहिला चहा विजूनं कसा पेला, त्यालेच माहीत."

"आता चांगला होतो, काका."

"होते. पण एका कपाचं माप काही जमत नाही."

मी मैदानावर फोन लावला आणि त्या पाचही जणांना इकडेच यायला सांगितलं. गुलाबरावांनी ते ऐकलं. फळीवरचे कप खाली घेतले आणि एकेक धुऊन ओट्यावर मांडत राहिले.