हे कोणी मागितलं होतं?

उकिडवे साहेब संगणकाला अहो-जाहो करतात. आदर म्हणून नव्हे. ज्याच्याशी ओळख वाढवायची नाही त्याला अहो म्हणावं, असा त्यांचा नियम आहे. त्यामुळे शनिवार पेठेतल्या आमच्या ऑफिसचा जिना चढून कुणी आलं, की आतल्या खोलीतून असं काहीतरी ऐकू येतं : "आपण अजून किती वेळ गोल गोल फिरणार आहात? आधी सांगा, म्हणजे तेवढ्यात मी दाढी करून येतो." नव्या माणसाला वाटतं, आत कुणी मोठे पाहुणे आहेत. आत फक्त साहेब असतात आणि पडद्यावर फिरणारं एक निळं वर्तुळ असतं.

साहेब कर सल्लागार आहेत, म्हणजे लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न्स भरून देतात. वय सदुसष्ट, लग्न केलेलं नाही, दुपारचा डबा मेसचा, क्लायंट साडेतीनशेच्या आसपास. मी अकरा वर्षं त्यांचं ऑफिस सांभाळते. फायली, तारखा, फोन आणि याद्या माझ्याकडे, संताप त्यांच्याकडे. ते रागावतात, मी त्याला क्रमांक घालते. आमचं बरं चाललं होतं.

बिघडलं ते एका पत्रानं. आमच्याकडे एकवीस वर्षं एक जुना प्रोग्राम होता. पुण्यातल्याच एका गृहस्थांनी घरी बसून लिहिलेला. एकूण चार पानं : नाव, उत्पन्न, वजावटी, कर. माउसला हातही न लावता दहा मिनिटांत रिटर्न तयार. दिसायला एसटीच्या जुन्या वेळापत्रकासारखा, पण अडला तर साहेब थेट त्या गृहस्थांना फोन करत, ते "बघतो" म्हणत आणि नवल म्हणजे खरंच बघत. पुढे ते थकले आणि त्यांनी प्रोग्राम एका मोठ्या कंपनीला विकून टाकला. कंपनीनं तो घेतला आणि बंद केला. तसं पत्र आलं. यंदापासून नव्या नियमांचे बदल जुन्या प्रोग्राममध्ये होणार नाहीत, तरी आपण आमच्या सर्वसमावेशक व्यासपीठावर यावे.

"सर्वसमावेशक," साहेब पत्र दूर धरून म्हणाले. "म्हणजे कशाला जमा झालोय हे ज्यांना माहीत नाही ते."

आधी आम्ही पळून जायचा प्रयत्न केला. एप्रिलमध्ये दोन दुसरे प्रोग्राम आणून पाहिले. पहिल्यानं सुरुवातीलाच विचारलं, तुमचं गोदाम कुठे आहे. आम्हाला गोदाम नाही. हे उत्तर त्याला चालेना. गोदामाचं नाव भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. शेवटी साहेबांनी "माळा" असं लिहिलं. तर माळ्यावर माल किती, म्हणून त्यानं विचारलं. दुसऱ्याचं सगळं काम इंटरनेटवर चालायचं आणि त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत महापालिकेनं रस्ता खणला. दोन दिवस आम्ही बंद पडद्यासमोर बसून होतो. खड्ड्याच्या कडेला उभं राहून साहेबांनी कामगारांना सांगितलं, "माझी केबल दिसली तर नमस्कार सांगा."

मग निमूटपणे त्या मोठ्या कंपनीकडेच गेलो. साहेबांनी तिचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. नव्या प्रोग्रामला ते "जावई" म्हणतात. सकाळी उठायला वेळ लागतो, उठल्यावर आधी त्याचं कौतुक ऐकावं लागतं, सगळं घर त्याच्या सोयीनं हलवावं लागतं आणि काम सांगितलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. जावई उघडला की आधी साहेबांना नावानं हाक मारून सुप्रभात म्हणतो. मग एक रंगीत चक्र दाखवतो. ते चक्र कशाचं आहे, हे आजतागायत आम्हाला कळलेलं नाही. मग "हे तुम्हाला माहीत आहे का" म्हणून आम्हाला माहीत असलेलीच गोष्ट सांगतो. वयाचा रकाना तीन पडदे आत. छापायची आज्ञा "शेअर" नावाच्या खुणेखाली. रिटर्न पूर्ण झालं की पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उडतात.

"हे कोणी मागितलं होतं?" प्रत्येक वेळी साहेब विचारत. "बाई, लिहून घ्या. कपटे. कोणी मागितले होते? एक माणूस दाखवा मला, जो म्हणाला, कर भरल्यावर आनंद होतो, जरा कपटे उडवा."

मी लिहून घेत होते. तक्रारींची माझी यादी एकशे अठरा कलमांची झाली. खोटं कशाला सांगू, त्यातली साठ-सत्तर कलमं माझी स्वतःची आहेत. दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागायला लागला, की माझंही डोकं फिरतं. ती यादी साहेबांना स्पीड पोस्टानं पाठवायची होती. कंपनीला पत्ता नव्हता. फक्त पडद्याच्या कोपऱ्यात एक हसरं तोंड होतं. त्याच्यावर बोट ठेवलं की ते म्हणायचं, आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.

"तोंड आहे, पत्ता नाही," साहेब म्हणाले. "पुण्यात असे बरेच आहेत, पण ते वर्षाची फी मागत नाहीत."

या सगळ्या आदळआपटीत साहेबांची खरी काळजी एकच होती, आणि ती मला उशिरा कळली. जुन्या प्रोग्राममध्ये प्रत्येक क्लायंटच्या पानाखाली "शेरा" म्हणून एक रकाना होता. त्यात साहेब इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. मी जवळ गेले की पान मिटायचे. मला वाटायचं, कराचंच काही असेल. जावयाकडे माहिती हलवायची वेळ आली, तेव्हा कंपनीची एक मुलगी फोनवर म्हणाली, "सर, डोन्ट वरी, सगळं ऑटोमॅटिक येतं." साहेबांनी तिला एकच प्रश्न चार वेळा विचारला : शेरा येतो का. ती चारही वेळा म्हणाली, सर, सगळं येतं.

माहिती हलवायला मीच बसले. पडद्यावर डावीकडे जुने रकाने, उजवीकडे नवे; कुठला कुठे जायचा ते सांगायचं. नाव नावात, पत्ता पत्त्यात. शेऱ्यापाशी आले तर उजवीकडे दोनच पर्याय होते : "वगळा" आणि "संदेश". मी साहेबांना हाक मारली. ते दारातूनच म्हणाले, "एकही शब्द वगळायचा नाही. मी आयुष्यभर जमवलंय ते." मी "संदेश" निवडलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास जावयानं साडेतीनशे माणसांच्या मोबाइलवर संदेश पाठवला : आपल्या सल्लागाराने आपल्याबद्दल पुढील टीप जोडली आहे. आणि खाली शेरा. अक्षर न अक्षर.

पहिला फोन धायरीच्या एका हार्डवेअरवाल्याचा. त्याच्या टिपेत होतं, "खर्च फुगवून सांगतो. दुसऱ्यांदा विचारलं की खरं सांगतो. तिसऱ्यांदा विचारू नये, रडतो." तो म्हणाला, "म्याडम, साहेबांना द्या. मी कधी रडलो हाय?" हे सांगताना त्याचा आवाज भरून आला होता. एका डॉक्टरांच्या टिपेत होतं, "पत्नीसमोर कोथरूडच्या फ्लॅटचा विषय नको. भाडं बहिणीला देतात." त्या वेळी मोबाइल पत्नीच्या हातात होता. डॉक्टर त्याच दुपारी येऊन फाईल घेऊन गेले, बसलेही नाहीत. आणखी अकरा जण गेले. एका आयटीतल्या मुलीनं मात्र नुसता नमस्काराचा हात पाठवला. तिला गेलेली टीप : "वडील गेल्यापासून सही करताना थांबते. घाई करू नये."

मी फोन घेत होते आणि एका बाजूला सगळे शेरे वाचत होते. एकवीस वर्षांत त्या माणसानं त्या रकान्यात कराबद्दल एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

साहेब आत बसून होते. जावयाला एकदाही अहो म्हणाले नाहीत. मला वाटलं, माझ्यावर ओरडतील. माझी चूक होतीच. "संदेश" कुणाला जाणार, हे विचारायला हवं होतं. ते फक्त म्हणाले, "पेंडसे बाईंना गेला का, बघा."

पेंडसे बाई म्हणजे खडकवासल्याच्या निवृत्त गणिताच्या शिक्षिका. सोळा वर्षं दर जुलैत स्वतः बसनं यायच्या. पेन्शन आणि ठेवींचं व्याज, एवढंच रिटर्न. दहा मिनिटांचं काम. तरी त्यांच्या दिवशी साहेब पुढचा तासभर कुणाला वेळ देऊ द्यायचे नाहीत. मी पाहिलं. संदेश गेला होता. बाजूला "वाचले" असंही लिहिलं होतं. तेवढी एक गोष्ट जावयानं चोख सांगितली.

टीप अशी होती : "दहा मिनिटांचं काम. तासभर मोकळा ठेवणे. घरी बोलायला कोणी नाही. घाईत आहोत असं दाखवू नये."

"फोन करून माफी मागा," मी म्हटलं.

"काय म्हणून? तुम्ही एकट्या आहात हे मी लिहून ठेवलं होतं, त्याबद्दल क्षमस्व?" साहेब म्हणाले. "दया करतोय असं समजल्यावर कुठला शहाणा माणूस परत येईल?"

नंतरचे दोन महिने त्यांनी जावयाशी भांडण पूर्ण जोरात चालू ठेवलं. गेलेल्यांपैकी तिघे परत आले, त्यात हार्डवेअरवाला होता. साहेबांनी त्याचं कौतुक केलं नाही. जुलै लागला तसे ते रोज सकाळी भेटींची वही उघडून बघायचे आणि मिटायचे. पेंडसे बाईंचा फोन नाही. दर वर्षी त्या पहिल्या आठवड्यातच वेळ ठरवायच्या. तिसरा आठवडा आला. साहेबांनी माझ्या हातून वही घेऊन मंगळवारच्या, बाईंच्या नेहमीच्या तीन ते चारच्या ओळीवर स्वतः आडवी रेघ मारली. कुणासाठी, ते लिहिलं नाही.

त्या मंगळवारी पेंडसे बाई आल्या. फोन न करता, तीनला पाच कमी असताना, नेहमीची कापडी पिशवी घेऊन. साहेब उभे राहिले. कागद घेतले. जावयानं सुप्रभात म्हटलं, दुपारचे तीन वाजले होते, पण साहेब त्याला काही बोलले नाहीत. पाऊण तास त्या तीन पडद्यांत आत-बाहेर करून रिटर्न झालं. कपटे उडाले. बाई उठल्या नाहीत. मी दाराशीच फायली लावत होते. उठून जावं की नाही, कळेना.

बाईंनी पिशवीतून मोबाइल काढला. "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"माझ्या घरी कोणी नाही, हे कुठून काढलंत?"

"फॉर्मवरून," साहेब म्हणाले. "पेन्शन आणि व्याज. यजमान नाहीत."

"सून कुठल्या रकान्यात भरायची असते?" बाई म्हणाल्या. "घरात मुलगा, सून, दोन नाती आहेत. सकाळी फिरायचा गट आहे. दुपारी शिकवणीची पोरं येतात. मला दिवसभरात गप्प बसायला म्हणून मिळत नाही, उकिडवे."

साहेबांनी पेन उचललं, ठेवलं. "मग सोळा वर्षं तासभर बसायचात कशाला?"

"पहिल्या वर्षी दहा मिनिटांत काम झालं. मी उठणार, तर तुम्ही खुर्ची मागे सरकवलीत आणि विचारलंत, धरणात पाणी किती आहे. पेपरात रोज येतं ते. मग विचारलंत, बस कुठून मिळते. मी म्हटलं, या माणसाला बोलायला कोणी नाही वाटतं." बाईंनी मोबाइल पिशवीत टाकला. "साडेतीनची बस सोडून साडेचारची धरायची मी. घरी सांगून यायचे, आज उशीर होईल, उकिडव्यांकडे जायचंय."

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. बराच वेळ पुसत होते. बाईही थांबल्या. घाईत आहोत असं त्यांनी दाखवलं नाही.

शेवटी साहेब म्हणाले, "साडेचारची अजून आहे का?"

"वेळा बदलल्यात," बाई म्हणाल्या. "आता पाचची आहे."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली आणि मला दोन चहा सांगायला सांगितले. एरवी मी तीन सांगते. त्या दिवशी दोनच सांगितले आणि जाताना आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.