तराफ्याला घातलेला हार

लष्कराची जीप येणार म्हणून लवू पहाटेच उठला, तराफा कोठारातून स्वतःच्या ओट्यावर आणला, लखलखीत पुसला आणि जीपला वाट दाखवायला फाट्यावर गेला. जीपच्या पुढे धावत परत येतो तर काय, तराफ्याला हार!

“ह्या काय केलंस तुळसा?”

“काय म्हंजे? आज खंडेनवमी,” बायको म्हणाली. “कोयत्याक घातलंय, पिकावाक घातलंय. ह्याका कित्याक सोडू? बारा वर्सां आपला पोट ह्याच्यार चलता.”

परक्या माणसाला तो तराफा नव्हे, पांढरा पिंप वाटला असता. तराफा आत होता, नारिंगी रबराचा, घडी घालून बसवलेला, दहा माणसं बसतील एवढा. समुद्रात कोणी अडचणीत आलं तर हाताशी असावं म्हणून लष्कराने मिठबावच्या किनाऱ्यावर एका खोलीचं कोठार केलं होतं. त्यात दोर, स्ट्रेचर, जाकिटं आणि हा तराफा. शेजारच्या लवूला राखणदार नेमताना साहेबाने पुन्हा पुन्हा एकच बजावलं होतं, लाल मूठ ओढायची नाही. ओढली की आतल्या नळकांड्यातला वायू सुटतो आणि तराफा क्षणात फुगतो. सुटलेला वायू काही परत कोंडता येत नाही. उगाच ओढलीस तर नोकरी गेली म्हणून समज.

तेव्हापासून लवूने त्या मुठीकडे नीट डोळे भरून पाहिलंही नव्हतं. आणि तुळसाने हार अडकवला होता तो बरोब्बर त्याच मुठीत! तिचं तरी काय चुकलं म्हणा. त्या गुळगुळीत पिंपाला हार अडकवायला दुसरं होतं काय?

“काढ तो आधी!”

“पुजेतला हत्यार दसऱ्यापर्यंत हलवूचा नसता. देवाची अवकृपा व्हयत.”

“आणि थंय जीपीतून बाई उतारता, ती काय कृपा?”

बाई म्हणजे तपासणीला आलेल्या लेफ्टनंट तन्वी. उंच, कडक इस्त्रीच्या, हातात कागद चिमट्यात लावलेला तक्ता. चालक ओमकारला जीपमध्येच थांबवून त्या घरापुढच्या अंगणात, खळ्यात आल्या. लवूने घाईघाईने ठेवणीतली मराठी बाहेर काढली.

“या मॅडम, बसा मॅडम. हा हार म्हणजे आमची आपली पद्धत.”

“असू दे, छान दिसतोय. लवू, या तराफ्याबद्दल तुम्हाला एक महत्त्वाचं सांगायचंय—”

“शूऽऽ!” लवू म्हणाला.

लेफ्टनंटला असं गप्प करायची हिंमत बारा वर्षांत त्याने स्वप्नातही केली नसती. पण त्याच्या घरची गाय पवळी दावं सोडवून ओट्याशी आली होती, आणि हाराचं खाली लोंबणारं टोक तिच्या तोंडात होतं.

तुळसाने हात उगारला.

“हाकलू नको!” लवू दबक्या आवाजात ओरडला. “ती धावली की हार ओढतली, हार ओढलो की मूठ ओढतली! गप रव! मॅडम, तुम्हीसुद्धा हलू नको!”

“अहो, पण मी तेच सांग—”

“शूऽऽ!”

पवळीला कसलीच घाई नव्हती. एक झेंडू खायचा, डोळे मिटून चघळायचा, मग जीभ पुढे करून दुसरा. एकेक फूल पोटात जात होतं आणि तिचं तोंड मुठीकडे सरकत होतं. लवू उरलेली फुलं मोजू लागला. नोकरी गेली तर या वयात दुसरी कोण देणार? पोरगी कणकवलीला कॉलेजात. गावात लोक विचारतील, कशाने गेली रे नोकरी? काय सांगायचं, गायीने खाल्ली?

“पेंड हाड गो,” पेंड आणून गायीला भुलवावं म्हणून तो पुटपुटला.

“खयसून हाडू? पेंड गोठ्यात, आणि वाटेर तीच उभी आसा.”

खरंच होतं ते. लवू आणि तुळसा ओट्यावर पिंपामागे अडकलेले, आणि पुढे वाट अडवून गाय. तिच्या जवळ फक्त लेफ्टनंट तन्वी, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला. बुडत्याला वाचवायला खवळलेल्या समुद्रात उडी घेणारी ही बाई गायीला भीत होती.

“बाये,” तुळसाने हुद्दाबिद्दा गुंडाळून ठेवला, “तिच्या मानेखाली खाजवा. खाजवल्यार ती खाणा इसारता.”

“मी?”

“मग काय मी हयसून उडी मारू? भिया नको, गरीब आसा ती.”

तन्वींनी श्वास रोखून दोन बोटं गायीच्या गळ्याला लावली. पवळीचं चघळणं थांबलं. सुखावून तिने मान लांब केली आणि वर उचलली, आणखी वर, आणि तिच्याबरोबर हारही वर. हार ताणला. लाल मूठ खाचेतून अर्धी बाहेर आली.

“वर नको! वर नको! खाजवूक नको!” लवू रडकुंडीला आला. “देवा रामेश्वरा, पाव रे माका!”

तन्वींनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. पवळीने मान खाली घेतली आणि मध्येच खाजवणं का थांबवलं अशा नजरेने त्यांच्याकडे पाहिलं. आता मुठीपर्यंत उरली मोजून चार फुलं. आणि नेमका तेव्हाच, मॅडमना इतका वेळ का लागतोय म्हणून जीपमधल्या ओमकारने हॉर्न वाजवला.

गाय उधळली. लवूने डोळे गच्च मिटले. “मेलंय!”

काहीच झालं नाही. डोळे उघडून पाहतो तर पवळी माडांच्या पलीकडे, हाराचा तुकडा तिच्या तोंडात, आणि मूठ तशीच, अर्धी खाचेत. हार केळीच्या सोपटाच्या धाग्यात ओवलेला होता, तो तटकन तुटला होता. लवू मटकन खाली बसला. तुळसाने पदराने त्याला वारा घातला.

“आता बोलू का?” तन्वींनी कपाळ पुसत विचारलं. “या तराफ्याची मुदत आज संपते. माझ्यासमोर मूठ ओढून बघायची, असा हुकूम आहे.”

“काय?” लवू उठून उभा राहिला. “मग हे आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही बोलू देत होतात का? आणि इथे ओट्यावर फुगला असता तर आपण गायीसकट भिंतीला चिकटलो असतो. आता नीट ऐका. फुगला, तर दुरुस्तीला जाऊन परत इथेच येईल. नाही फुगला, तर निकामी. मग हे कोठार बंद करून सामान देवगडला हलवायचं ठरलंय.”

“आणि मी?”

तन्वींनी खळ्याच्या मध्याकडे बोट दाखवलं.

पिंप खळ्याच्या मध्यावर ठेवला. तुळसाने हात जोडले, “देवा म्हाराजा, सरकारी काम आसा, पुजा मोडली म्हणान रागावू नको.” लवूने मूठ धरली. ज्या मुठीला जिवापाड जपलं तीच ओढायची! त्याने डोळे मिटून ओढली.

सगळे वाट बघत राहिले. पिंप ढिम्म. पुन्हा ओढली. ओमकारने जोर लावून ओढून बघितली. ढिम्म म्हणजे ढिम्म.

“वायूच सुटत नाहीये,” तन्वी हळूच म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटलं होतं. त्यांनी तक्त्यावरच्या कागदावर लिहिलं, ‘निकामी’, आणि सही केली. लवूला भडभडून आलं. मेल्या, तुझ्यापायी गावच्या पोरांना कधी कोठाराजवळ चेंडू खेळू दिला नाही आणि तू असा उलटलास!

पिंप जीपच्या मागच्या भागात चढवला. तन्वी पुढे ओमकारशेजारी बसल्या. “काळजी घ्या,” एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी काच अर्धी वर घेतली. ओमकारने जीप मागे घेतली, मागचं चाक एका चिऱ्यावर चढलं आणि धाडकन उतरलं. त्या हिसक्याने पिंपात अडकून बसलेली कळ सुटली.

फुस्सऽऽ असा आवाज झाला आणि जीप नारिंगी झाली. मागची काच नारिंगी, बाजूच्या काचा नारिंगी. पुढच्या काचेला मात्र आतून दोन चेहरे चपटे होऊन चिकटले होते, एक ओमकारचा आणि एक लेफ्टनंटचा.

“फुगलो!” लवू खळ्यात नाचायला लागला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. “तुळसा, फुगलो गो! माझो तराफो फुगलो!”

“लवू! दार उघडा! आतून हात पोचत नाहीये!”

लवू धावत गेला. त्याने दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि तो थबकला. मॅडमच्या मांडीवर तो कागद तसाच होता. ठेवणीतली मराठी कधीच संपली होती.

“उघडतंय, मॅडम. पण कागदार निकामी लिवलास, ता आधी खोडा आणि फुगलो म्हणान लिवा.”

“अहो, मला हलता येत नाहीये!”

“उजवो हात हलता. माका दिसता.”

आत बराच वेळ रबर करकरत राहिलं. पेन कसंबसं कागदापर्यंत पोचलं. लवूने अर्ध्या काचेवरून मान आत घातली आणि अक्षर अक्षर लावून वाचलं.

“बरा लिवलास,” तो म्हणाला. “आता खाली सही.”