दहा व्होल्टांचा पूल

दिवाळीनंतर उमेंद्र पटले बोदलकशाजवळच्या सासुरवाडीला गेला, तो मिठाईऐवजी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला ताण मोजायचा डबा घेऊन. कालव्यावरचा जुना पूल हार्वेस्टरचं वजन पेलेल की नाही, एवढंच पाहायचं होतं. पलीकडे गावाचा सगळा धान कापणीला उभा होता, मशीन दुपारी येणार होती आणि इंजिनियर हो म्हणेपर्यंत ती पुलावर चढणार नाही, असं सरपंच सुलोचनाबाईंनी बजावलं होतं. गोंदियाच्या कॉलेजात शिकवणारा जावई म्हणजे घरचाच इंजिनियर. सासरे बिसनलाल सकाळपासून पुलावर उभं राहून हेच सांगत होते.

उमेंद्रने पुलाच्या पोटाला बोटभर लांबीच्या आठ पट्ट्या, म्हणजे स्ट्रेनगेज, चिकटवल्या आणि तारांनी डब्याला जोडल्या. पूल केसभर जरी ताणला गेला, तरी या पट्ट्यांना कळतं. पण त्यासाठी त्यांना थोडी वीज पाजावी लागते. किती पाजायची, याचं बटन डब्यावर होतं : अडीच, पाच, दहा व्होल्ट.

"सर, हे सिमेंट हाय, लोखंड नाही," सोबत आलेला प्रयोगशाळेतला सुखराम हळूच म्हणाला. "लोखंड गरमी ओढून घेते, इथं पट्टीची गरमी कुठं जाईन? अडीचच ठेवा. सिग्नल लहान आला तं अँप्लिफायरनं वाढवू."

पण सासऱ्यांसमोर लहान आकडे दाखवणं उमेंद्रला बरं वाटेना. त्याने दहा दाबलं.

आकडे चढू लागले, म्हणजे पूल वाकत होता. आठही चॅनेल, एकामागोमाग. उमेंद्रने सासऱ्यांना पुलावरून उतरायला सांगितलं. ते उतरले, आकडे चढतच होते. मग पुलावर झोपलेल्या कुत्र्याला हाकललं. मग सुलोचनाबाईंनी कठड्यावर ठेवलेली पिशवीसुद्धा उचलली. आकडे चढतच राहिले.

"जावईबापू, पुलावर कोनीच नाही," बिसनलाल म्हणाले. "मंग हा वाकून कायले राहिला?"

"स्वतःच्या वजनानं, मामाजी," उमेंद्र म्हणाला, आणि स्वतःच घाबरला.

सुलोचनाबाईंनी दोन्ही टोकांना बाभळीच्या काट्या टाकून रस्ता बंद केला. अर्ध्या तासात निम्मं गाव जमलं. हार्वेस्टर आली आणि काट्यांपाशी थांबली. पूल पंचवीस वर्षांपासून वाकत असल्याचं आपण तेव्हाच ओळखलं होतं, असं सांगणारे चार जण निघाले.

शेवटी सुखराम पुलाखाली उतरला. त्याने एका पट्टीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. पूल वाकत नव्हता. पट्ट्या तापत होत्या, आणि त्यांची गरमी डब्यात वजन बनून दिसत होती.

उमेंद्रने मुकाट्याने बटन अडीचवर आणलं. पट्ट्या निवल्या, आकडे उतरले, जागेवर थांबले. अँप्लिफायर वाढवून, काट्या बाजूला करून त्याने हार्वेस्टर हळूहळू पुलावरून न्यायला लावली. आकडे जेमतेम हलले आणि मशीन उतरताच परत शून्यावर आले. पूल ठणठणीत होता. चूक माझी होती, पूल वाकलाच नव्हता, हे उमेंद्रने सगळ्यांसमोर कबूल केलं. एकदा साध्या भाषेत, एकदा गावच्या पोवारी बोलीत.

सुलोचनाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "सर, तुमी लाजू नका. आमी डोळ्यानं पाह्यलं. तुमी बटन दाबलं, पूल सरळ झाला. आता धान निघेपर्यंत डब्बा इथंच राहीन."

सुखरामनेही समजावून पाहिलं. हार्वेस्टरवाला म्हणाला, डबा नसेल तर आपण परत येणार नाही. बिसनलालांनी तर डब्याशेजारी खाट टाकली आणि जावयाने पूल कसा सरळ केला, ते सांगायला सुरुवात केली.

डबा परत आला नाही म्हणून सोमवारी प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला. उमेंद्रने खरं कारण तीनदा लिहून तीनदा फाडलं. शेवटी लिहिलं : 'पूल सरळ राहावा म्हणून यंत्र आणखी चार दिवस जागेवर ठेवणे आवश्यक आहे.'

संध्याकाळी कागद मंजूर होऊन आला. खाली प्राचार्यांच्या अक्षरात एक ओळ होती : 'त्यानंतर आमच्या वाकलेल्या गच्चीलाही लावून पाहावे.'