सूप जाईल ती खिडकी

आमच्या जमनाकाकू कुणाच्याही वास्तुशांतीला सूप घेऊन जातात. लोकांना वाटतं आहेर आहे. काकू प्रसादाच्या आधी खिडकी गाठतात, उघडतात आणि त्यातून सूप बाहेर जातं का बघतात. गेलं तर "बेस!" अडलं तर घरमालकाला तोंडावर, "घर चांगलं हाय, पण बारी नाय." खिडकीला त्या बारी म्हणतात.

डहाणूजवळच्या मसोलीत मी काकूंची भाडेकरू. गाव दूर हिंगोलीकडं, शाळा सातवीत सुटली. नवरा ट्रकवर, मी फुग्यांच्या कारखान्यात. खोली बघायला आले तेव्हा काकूंनी भाड्याआधी खिडकी दाखवली. समोरच त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी, मधे हातभर बोळ.

"तुझी आत उघडते, माझी बाहेर. दोन्ही बाहेर उघडल्या असत्या तर रोज भांडण!"

खिडक्यांच्या जाळ्याही बिजागरीवर, दारासारख्या उघडणाऱ्या. मी नुसती मान हलवली. जास्त विचारलं आणि खोली गेली तर?

राहायला आले त्याच संध्याकाळी समोरून सूप आलं. तांदळाची भाकरी, वाटीत आमटी. तेव्हापासून रोज येतं, मग दोघी आपापल्या खिडकीशी बसून जेवतो. दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा तर जमीन हलली की आधी रिकामं सूपच आत यायचं. "हायेस ना गं?"

धक्क्यांनी काकूंच्या खिडकीची झडपं खडखडायची. वापीला नोकरी करणारा त्यांचा मुलगा किरण एका रविवारी अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी आणि फिटर घेऊनच आला. सरकती म्हणजे उघडून उघडून अर्धी. आता सूप कुठून येणार?

काकू उंबरठ्यावर बसून वाल सोलत होत्या. "आधी सूप घालून दाखव."

किरणनं नवी खिडकी भिंतीला उभी केली, काच सरकवली. सूप अडलं. त्यानं ते तिरकं केलं. गेलं!

"बघ आई!"

"बेस. आता भरून घाल." काकूंनी सुपात भाकरी ठेवली, आमटीची वाटी ठेवली. "कर तिरकं."

आमटी थेट फिटरच्या पँटवर. तो पाय झटकत म्हणाला, "शेठ, काकी जिंकल्या." नवी खिडकी टेम्पोत परत चढली. बोळातल्या बाया हसत होत्या. मी माझ्या खिडकीतून टाळ्या वाजवल्या आणि किरणनं माझ्याकडं बघताच हात पदराखाली लपवले.

"पण आई," किरण म्हणाला, "तिला जेवण दारातून देत जा ना."

काकूंनी हातातली शेंग सोलून वाल सुपात टाकले.

"दारातून दिलं तर ती तिच्या घरी जेवंल नि मी माझ्या."

किरण उठला, तेलाची बाटली आणली आणि झडपांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. आधी त्यांच्या, मग बोळावरून हात लांबवून माझ्याही.