ज्वालामुखी हुंगायला गेलेले जगदाळे

आमच्या जगदाळ्यांचं नाक त्यांच्या आधी घरात येतं. दार उघडल्यावर चारचौघं "काय चाललंय?" असं विचारतात. जगदाळे उंबऱ्यातच थांबतात, मान जरा वर करतात, दोन आखूड आणि एक लांब श्वास घेतात आणि निकाल देऊन टाकतात. "वालाचं बिरडं. नारळ कालचा आहे. आणि राऊत, तुमच्या मोरीची जाळी साफ करायला झालीय." मग चपला काढतात.

विश्वासराव जगदाळे मूळचे कराडकडचे. तारापूर एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात ते बॉयलरवर लागले आणि शिफ्ट इनचार्ज म्हणून निवृत्त झाले. मी माकुणसारचा, त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो. बोईसरच्या कॉलनीत त्यांचं दार आणि माझं दार समोरासमोर. त्यामुळे त्यांच्याविषयी बोलायचा हक्क त्यांच्या बायकोच्या, म्हणजे शालिनीवहिनींच्या खालोखाल माझाच.

आमच्याकडच्या कारखान्यांत माणूस कामाला लागला की त्याला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. गॅस सुटला तर आधी गच्चीकडे बघायचं. तिथं वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फडफडत असते. ती बघून ओला रुमाल नाकाला लावायचा आणि वाऱ्याला आडवं पळायचं. वाऱ्याबरोबर पळालात तर गॅसही तुमच्याबरोबर पळतो. आम्ही बाकीच्यांनी हे ड्यूटीपुरतं पाळलं. जगदाळ्यांनी ते संसारात आणलं. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर त्यांनी बांबू उभा केला आणि स्वतःच्या जुन्या पायजम्याचा एक पाय शिवून त्याला लावला. लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आत हॉलच्या बाहेर पडायच्या वाटा बघून येतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आवाज चढले की "राऊत, वाऱ्याला आडवं!" म्हणून माझा दंड धरतात आणि बाहेर काढतात. मेहुणा राहायला येणार असं कळलं, तरी तेच म्हणतात.

नाक नेहमी बरोबर निघायचं असं नाही. पण त्यांचा आवाजच असा की त्यांचं चुकलं तरी आपल्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं. कराडहून नवे आले त्याच आठवड्यात पश्चिमेचा वारा सुटला. जगदाळे प्लांटच्या दारात आले, मान वर केली आणि कुणाला न विचारता सायरन दाबला. अख्खी शिफ्ट रुमाल लावून रस्त्यावर आली. मॅनेजरसाहेबही आले. गेटवरचा जनू तेवढा खुर्चीतून हलला नाही.

जगदाळे ओरडले, "अरे पळ की! जीव नको झालाय का?"

"सायेब," जनू म्हणाला, "गॅस नाय हाय. किनाऱ्यावर बोंबील सुकत घातलेत."

दुसरा कुणी असता तर त्यानं त्याच दिवशी कराडची गाडी धरली असती. जगदाळ्यांनी जमलेल्या लोकांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "सराव म्हणून ठीक झालं. पण निम्म्या लोकांचे रुमाल कोरडे होते." मॅनेजरनं त्यांचं कौतुक केलं.

अशा माणसाचं नाक गेलं.

ती मोठी तापाची साथ आली होती, तेव्हाची गोष्ट. ताप उतरला, खोकला गेला, पण वास परत आला नाही. हे मला कळलं ते चहामुळे. एका सकाळी त्यांनी माझ्याकडे कपावर नाक धरलं आणि म्हणाले, "व्वा, आलं फक्कड!" चहात आलं नव्हतं, गवती चहा होता. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मग दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "लाइन बंद आहे, राऊत. ताप आल्यापासून काहीच येत नाही. शालिनीला बोलायचं नाही."

"का?"

"इज्जतीचा प्रश्न आहे."

तेव्हापासून मी त्यांच्या कटात सामील झालो. वहिनींचा लग्नापासूनचा नेम असा की भाजी झाली की कढई घेऊन यांच्यापुढं यायचं, झाकण उचलायचं आणि निकाल ऐकायचा. त्याशिवाय त्या घरात पान मांडत नाहीत. आता सकाळी पिशवीत काय आलंय ते जगदाळे चोरून बघून ठेवू लागले. ते जमलं नाही की जेवायच्या वेळेला मला काहीतरी निमित्त काढून बोलावून घेत. वहिनी कढई घेऊन आल्या की मी त्यांच्या मागं उभा राहून, क्रेनवाल्याला खालून करतात तसे हातवारे करायचो. मूठ म्हणजे बटाटा. बोटं फाकवली की मेथी. तळहात पोहायला लागला की सुकट. एकदा शेपूला मी मेथीची खूण केली. जगदाळे डोळे मिटून म्हणाले, "मेथी काय झालीय!" वहिनी म्हणाल्या, "शेपू आहे." जगदाळे म्हणाले, "मग मी काय म्हणालो?"

डॉक्टर झाले, वाफ झाली, कुणी सांगितलं म्हणून लवंगा हुंगून झाल्या. आणि मग एक दिवस ते रंगीत जाहिरात घेऊन माझ्याकडे आले. अंदमानातली सहल होती. लहानसं जहाज, मोजकी माणसं, बरोबर शिकवायला तज्ज्ञ बाई. ज्वालामुखीची बेटं आणि त्यांवरचे प्राणी-पक्षी बघत फिरायचं.

"तुम्हाला कधीपासून पक्ष्यांची आवड?" मी विचारलं.

"पक्षी गेले उडत. राऊत, स्टीमची लाइन चोंदली की आपण काय करायचो? उलट्या बाजूनं प्रेशर मारायचो. लवंगेचं प्रेशर किती? आणि हा जिवंत ज्वालामुखी! शुद्ध गंधक! ह्यानं नाक उघडलं तर उघडलं. नाही उघडलं तर लाइन कायमची बंद समजायची. मग मी पुन्हा प्रयत्न करणार नाही." शेवटचं वाक्य त्यांनी बाकीच्या वाक्यांपेक्षा हळू उच्चारलं.

हातवारे करायला कुणीतरी हवं म्हणून मलाही जाणं भाग होतं. माझी बायको शिरगावची. तिनं साफ सांगितलं, "तुमी जावा. आमाला समुद्र काय दाखवतात ते? आमी जल्मल्यापासून बघतो हाय." वहिनी मात्र लगेच तयार झाल्या. एवढंच म्हणाल्या, "धूर बघायला इतक्या लांब जायचं? बोईसरात काय कमी होता का?" पण बॅग भरायला त्यांनीच आधी घेतली.

जहाजावर पाऊल टाकल्यापासून मला बोट लागली. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला ही फार लाजेची गोष्ट. जगदाळे मात्र खुशीत होते. सुरक्षेचा सराव झाला तेव्हा सगळ्यांचे लाइफ जॅकेटचे पट्टे त्यांनी ओढून तपासले, कप्तानाचाही. मग विचारलं, "हवा की दिशा दिखानेवाली थैली किधर है?"

कप्तान म्हणाला, "झंडा है ना, अंकल."

"झंडा मान के लिए होता है। थैली जान के लिए।" दुसऱ्या दिवशी शिडाच्या कापडाची एक पिशवी खरोखरच वर फडकत होती. त्या माणसाच्या आवाजापुढं कुणाचं काही चालत नाही.

शिकवणाऱ्या नंदिताबाई पुण्याच्या होत्या. रोज सकाळी जेवणघराच्या भिंतीवर चित्रं लावून त्या सांगायच्या. समुद्राच्या तळातून लाव्हा वर येतो, थंड होतो, त्याच्यावर पुन्हा येतो आणि असं करत बेट पाण्यावर डोकं काढतं. आपला सह्याद्रीही असाच लाव्ह्याच्या थरांचा झालेला आहे, असं त्या म्हणाल्या तेव्हा जगदाळे उठून उभे राहिले. "म्हणजे आमच्याकडचा काळा दगड?"

"तोही लाव्हाच."

"ऐकलंत, राऊत? आपण सगळी नोकरी ज्वालामुखीवर केली! आणि कधी भत्ता मागितला नाही." बाई हसल्या, आणि तिथून पुढे ते त्यांचे लाडके विद्यार्थी झाले. जहाजापुढून उडते मासे सुळकन गेले की म्हणायचे, "वाऱ्याला आडवे चाललेत. हुशार आहेत." नारकोंडम नावाच्या बेटाजवळून गेलो तेव्हा बाईंनी तिथल्या धनेश पक्ष्याबद्दल सांगितलं. अंड्यांच्या वेळी मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला बंद करून घेते. एक फट तेवढी ठेवते. नर बाहेरून त्या फटीतून तिला भरवत राहतो. आम्हा कारखान्यातल्या माणसांना हे नवं नव्हतं. टाकीत माणूस उतरला की बाहेर एक माणूस परवानगीचा कागद देऊन उभा ठेवतात, आणि आतला वर येईपर्यंत त्यानं चहालासुद्धा जागा सोडायची नसते. "परमिट घेऊन उभा असतो बिचारा," जगदाळे म्हणाले. दुर्बिणीतून जंगलावर एक धनेश उडताना दिसला, तेव्हा त्यांनी त्याला चक्क सलाम ठोकला.

जिवंत ज्वालामुखीच्या, म्हणजे बॅरन बेटाच्या दिवशी ते पहाटेच अंघोळ करून, नाक पाण्यानं स्वच्छ करून, पुढच्या कठड्याला जाऊन उभे राहिले. नाष्टा नको म्हणाले. "पोट रिकामं असलं की नाक तेज असतं."

बेट दिसलं आणि सगळे कठड्याशी जमले. काळीठिक्कर राख, मधे सुळका आणि त्याच्या तोंडातून शांतपणे निघणारा धूर. उतरायची परवानगी नाही, म्हणून जहाज लांबून प्रदक्षिणा घालत होतं. तिथं रानटी बकऱ्या राहतात, कधीकाळी कुणी सोडलेल्या, असं बाई सांगत होत्या. एवढ्यात वारा फिरला आणि धूर आमच्याकडे वळला.

काय सांगू! डोळ्यांतून पाणी आलं. बाकीचे प्रवासी नाक मुरडत फोटो काढत राहिले. वहिनींनी आणि मी काय केलं असेल? दोघांनी एकाच वेळी वर पिशवीकडे बघितलं, बाटलीतलं पाणी रुमालावर ओतलं आणि वाऱ्याला आडवं धावत सुटलो. जहाज ते केवढं! पंधरा-वीस पावलांत दुसरा कठडा आला आणि पुढं अंदमानचा समुद्र. आम्ही तिथंच रुमाल धरून उभे राहिलो. आमचं बघून एक गुजराती कुटुंबही घाबरून आमच्यामागं आलं होतं.

जगदाळे मात्र हलले नाहीत. हात कठड्यावर, मान वर, अंगातला सगळा जोर लावून श्वास घेत होते. पुन्हा पुन्हा. धूर सरळ त्यांच्या तोंडावर येत होता. खोकला आला तरी थांबले नाहीत.

मग त्यांनी मान वळवली आणि गर्दीत मला शोधलं. माझ्या हातांकडे बघितलं.

ज्वालामुखीची खूण आमची ठरलेली नव्हती. मी नुसती मान हलवली, वास येतोय म्हणून. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग छाती पुढं काढून गरजले, "व्वा! काय गंधक आहे! अस्सल माल!" सगळ्या जहाजानं टाळ्या वाजवल्या. नंदिताबाई म्हणाल्या, असा उत्साही प्रवासी त्यांनी पाहिला नाही.

टाळ्या संपल्यावर ते मागच्या बाजूला जाऊन एकटे बसले. मी शेजारी जाऊन बसलो. मग म्हणाले, "इज्जतीचं तुम्हाला असंच सांगितलं होतं, राऊत. आम्हाला मूलबाळ नाही. बिऱ्हाड मी असं बोईसरला आणलं, तिचं कुणी इकडं नाही. शिफ्ट करून घरी यायचो तेव्हा ती ते झाकण उचलायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. दिवसभरातलं तिचं तेवढंच. आता तिला सांगू, की बाई, हे तू कुणासाठी करतेस? मला पेंड आणि पुरणपोळी सारखीच लागते?"

"पुरण बरं लागतं म्हणालात की परवा," मागून वहिनी म्हणाल्या.

आम्ही दोघंही दचकलो. त्या रुमाल पिळत आमच्यामागं उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "ताप उतरल्यावर पहिल्याच दिवशी आमटी पार करपली होती. तुम्ही म्हणालात, आजच्यासारखी कधी झाली नव्हती. आणि राऊत भाऊजी, तुमचे हातवारे मला समोरच्या कपाटाच्या काचेत स्वच्छ दिसायचे. त्या दिवशी मुद्दाम शेपू केला होता."

मला कुठं तोंड लपवू असं झालं. जगदाळे पहिल्यांदाच गोंधळलेले दिसले.

"मग बोलली का नाहीस?"

वहिनी त्यांच्याशेजारी बसल्या. "तुम्ही रोज माझ्यासाठी एवढी खटपट करत होता. पिशव्या काय तपासत होता, भाऊजींना काय बोलवत होता. इतक्या वर्षांत कुणी माझ्यासाठी एवढं केलं नव्हतं. मला वाटलं, चाललंय तर चालू द्यावं."

धूर अजून बेटावरून निघत होता. जगदाळ्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "कसा आहे गं? वास?"

वहिनींनी रुमाल बाजूला ठेवला आणि नाक वर केलं. "काडी विझल्यावर येतो ना, तसा. पण जाड आहे. घशात बसतो. त्यात खारं आहे थोडं."

"आणि?"

"आणि खालून भटारखान्यातून कढीचा येतोय. मोहरी जाळलीय त्यांनी."

"किती?"

"पार काळी केलीय."

"हं," जगदाळे म्हणाले, आणि डोळे मिटून वहिनींकडे कान केला. "अजून सांग."

मी तिथून उठलो. बेट दिसेनासं झालं तरी त्या सांगत होत्या आणि ते विचारत होते.